आपले पुस्तक आपण काढू, पण हक्क राखून काढू!

त्र्यंबकेश्वर म्हटले की लोकांना ज्योतिर्लिंग, कुशावर्त आणि नारायण नागबळी एवढेच आठवते. पण या गावात आणखी एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या जपली गेली आहे. ती म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेला आलेल्या यजमानाचे गाव, कूळ, आजा-पणजाची नावे या वह्यांत लिहून ठेवलेली असतात. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय वही काढतो आणि वंशावळ वाचून दाखवतो. यजमान चकित होतो आणि दक्षिणा ठेवतो. पूर्वज यजमानाचे, नावे यजमानाच्या घरची, पण वही मात्र उपाध्यायाची! नोंद करणारा तोच, वाचून दाखवणारा तोच आणि दक्षिणा घेणाराही तोच. ज्याच्या हाती वही त्याच्याच हाती इतिहास आणि उत्पन्न जाते, हा धडा आमच्या समाजबांधवांनी या गावाकडून जरूर घ्यावा.

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. आपल्या समाजात लिहिणाऱ्यांची संख्या वाढते आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, एस.टी.चे वाहक, अंगणवाडी सेविका आपापले आत्मकथन, कवितासंग्रह, गावच्या चळवळीचा इतिहास लिहून ठेवत आहेत. प्रस्थापित प्रकाशक ही हस्तलिखिते परत पाठवतात किंवा उत्तरच देत नाहीत. मग पदरचे पैसे घालून पुस्तक काढावे तर लेखकालाच कमीपणा वाटतो. "स्वतःच छापले, म्हणजे कोणी घेतले नाही वाटते!" असे टोमणे मारणारेही आपल्यातच असतात. हा कमीपणा खोटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वतः पुस्तक काढणे ही आपल्या चळवळीची सर्वांत जुनी वाट आहे. मात्र या वाटेने जाताना हिशेब आणि हक्क दोन्ही सांभाळावे लागतात. तेथे आपले लेखक मार खातात.

राष्ट्रपिता जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. ते छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले. म्हणजे सव्वाशे वर्षे जोतीरावांचे पहिले नाटक वाचकांपासून दूर राहिले. पण जोतीराव कमिटीच्या दारात बसून राहिले नाहीत. १८७३ साली 'गुलामगिरी' त्यांनी स्वतःच पुण्यात छापून घेतली. जे कमिटीच्या मर्जीवर सोडले ते दडपले गेले आणि जे स्वतः छापले ते आजही घराघरांत वाचले जाते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर प्रत्येक नव्या लेखकाने पाठ करावे असे आहे. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांना आपल्या परिषदेचे अध्यक्षपद दिले. बाबासाहेबांनी भाषण लिहिले. मंडळाने ते वाचले आणि काही भाग गाळण्याचा आग्रह धरला. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळवले. परिषदच रद्द झाली. व्यासपीठ गेले, तेव्हा बाबासाहेबांनी काय केले? मे १९३६ मध्ये तेच भाषण 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने स्वखर्चाने काढले. पंधराशे प्रती छापल्या आणि किंमत आठ आणे ठेवली. दोन महिन्यांत आवृत्ती संपली. दुसरी आवृत्ती निघेपर्यंत त्याचे गुजराती आणि तमिळ भाषांतरही झाले होते.

या प्रकाशनातला व्यवहारही पाहण्यासारखा आहे. गांधीजींनी 'हरिजन'मधून या पुस्तकावर टीका केली आणि वर आठ आणे किंमत जास्त आहे, दोन आणे किंवा निदान चार आणे करावी, असे सुचवले. बाबासाहेबांनी काय करावे? १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका जशीच्या तशी छापली आणि तिच्यापुढे आपले सविस्तर उत्तर जोडले. पुस्तक स्वतःच्या हातात होते म्हणूनच हे करता आले. दुसऱ्याच्या हातात असते तर आधी कात्री लागली असती आणि उत्तराला जागाही मिळाली नसती.

तरीही ही वाट सोपी होती असे कोणी समजू नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या छपाईचा खर्च मोठा होता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने ग्रंथाच्या पाचशे प्रती घ्याव्यात, अशी विनंती केली. बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले. ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर बाहेर पडला. ज्यांना अडीच हजार वर्षांपूर्वीच्या तथागताची जयंती साजरी करायला पैसे होते, त्यांना या देशात धम्मचक्र पुन्हा फिरवणाऱ्या महामानवाच्या ग्रंथासाठी पैसे नव्हते! आपल्या ग्रंथाचा ग्राहक आपला समाजच असतो, हा त्यातला बोध आहे.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा इतिहासही हेच सांगतो. सोजर्नर ट्रूथ ही गुलामगिरीतून सुटलेली स्त्री. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने आपले जीवन सांगितले, दुसरीने लिहून घेतले आणि १८५० साली ते पुस्तक तिने स्वतः छापवून घेतले. सभेत भाषण करायचे आणि भाषण संपले की आपले पुस्तक विकायचे, असा तिचा क्रम होता. त्यावर तिने उपजीविका चालवली आणि घराचे कर्जही फेडले. निरक्षर बाई स्वतःच्या पुस्तकाची मालकीण होऊ शकते, तर आमचे पदवीधर लेखक का होऊ शकत नाहीत?

आणि खुद्द त्र्यंबकेश्वरचे उदाहरण घ्यायचे तर दादासाहेब फाळके यांचे घ्यावे लागेल. ३० एप्रिल १८७० रोजी याच गावात, पुरोहिताच्या घरात त्यांचा जन्म झाला. चित्रपटात येण्यापूर्वी त्यांचा व्यवसाय छापखान्याचा होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विम्याची पॉलिसी तारण ठेवून, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण टाकून त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि १९१३ साली तो मुंबईत झळकला. त्यांच्या पौराणिक विषयांशी आमचे मतभेद आहेत, पण पदरचे पैसे घालून केलेल्या कामाला त्यांनी कमीपणा मानला नाही, हे घेण्यासारखे आहे. पुढे भांडवलदार भागीदार आले, हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, भागीदारांशी खटके उडाले आणि १९४४ साली नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा हाती फारसे काही उरले नव्हते. निर्मिती करणे आणि तिचे उत्पन्न आपल्या हाती राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. पुरोहिताच्या घरातल्या, छापखान्यातल्या मुरब्बी माणसाची ही गत झाली, तर आपल्या भोळ्या लेखकाची काय होईल?

काय होते ते आम्ही वकिलीच्या टेबलावर पाहिले आहे. त्र्यंबक तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे एक करारपत्र घेऊन आले. एका प्रकाशन संस्थेने त्यांच्याकडून छपाईचे सगळे पैसे आगाऊ घेतले होते. बदल्यात पन्नास प्रती दिल्या. बाकीच्या किती छापल्या, किती विकल्या, याचा हिशेब नाही. सरांनी दुसरी आवृत्ती काढायचे ठरवले तेव्हा संस्थेने करार दाखवला. पैसे सरांचे, लेखन सरांचे आणि सगळे हक्क कायमचे संस्थेचे! सरांनी सही करताना कागद वाचला नव्हता. "पुस्तक निघतंय याचाच आनंद झाला होता, साहेब," असे ते म्हणाले. हा आनंदच अशा संस्थांचे भांडवल असते. लेखकाकडून पैसे घेऊन त्याचे हक्कही घेणाऱ्याला प्रकाशक म्हणता येत नाही.

म्हणून कायद्यातल्या काही गोष्टी प्रत्येक लेखकाने लक्षात ठेवाव्यात. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लेखन केले की त्याचा हक्क आपोआप लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. त्या कागदात कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मानधन, हे लिहिलेले असले पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणून "सर्व हक्क कायमचे" हे शब्द दिसले की पेन खाली ठेवावे आणि आधी जाणत्या माणसाला कागद दाखवावा.

स्वतः पुस्तक काढणारा लेखक कायद्याने प्रकाशकही असतो, हे तर बहुतेकांना माहीतच नसते. आय.एस.बी.एन. क्रमांक व्यक्तीलाही मिळतो आणि केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय संस्था तो विनामूल्य देते. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. आपले लेखक टपालखर्च वाचवतात आणि देशाच्या दप्तरात आपली नोंद होऊ देत नाहीत. उद्याचा संशोधक पुस्तक शोधेल तेव्हा ते सापडणार कोठे?

आता हिशेबाकडे वळू. समजा, एका प्रतीला ८० रुपये खर्च आला आणि किंमत १५० रुपये ठेवली. विक्रेत्याला ४० टक्के कमिशन दिले तर ६० रुपये गेले. उरले ९०, त्यातून खर्च वजा जाता हाती १० रुपये. तीच प्रत सभेत, विहारात, मेळाव्यात स्वतः विकली तर ७० रुपये सुटतात. शंभर प्रती स्वतः विकणारा लेखक सात हजार रुपये उभे करतो, ते दुसऱ्या पुस्तकाच्या कामी येतात. पहिल्याच झटक्यात हजार प्रती छापून पलंगाखाली गठ्ठे रचून ठेवू नयेत. आज डिजिटल छपाईत शे-दोनशे प्रतीही काढता येतात. तेवढ्या संपल्या की पुन्हा छापाव्यात. आणि छापण्यापूर्वी मुद्रितशोधनावर खर्च करावा. विचार क्रांतिकारी आणि पानोपानी अशुद्ध शब्द, असे पुस्तक विरोधकांना आयते हत्यार देते.

वाचकांनाही चार शब्द सुनवावे लागतील. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या गाळ्यांवर जी गर्दी होते, तिचे आम्हाला मनापासून कौतुक वाटते. पण गावातला लेखक पुस्तक काढतो तेव्हा हेच बांधव त्याला म्हणतात, "एक प्रत दे ना, वाचून बघतो." लग्नात हजार रुपयांचा आहेर करणाऱ्याला शंभर-दीडशे रुपयांचे पुस्तक फुकट हवे असते! फुकट वाटलेले पुस्तक बहुधा वाचले जात नाही आणि लेखक मात्र कर्जात बुडतो.

सरकार छापील, या भरवशावर बसण्यातही अर्थ नाही. बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचा पहिला खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढला. या खंडांची छपाई रखडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. खुद्द बाबासाहेबांच्या ग्रंथांची ही अवस्था, तर खेड्यातल्या लेखकाची वाट सरकार कशाला पाहील?

म्हणून आमच्या नाशिक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना काही सूचना आहेत. २ मार्चला काळाराम मंदिर सत्याग्रहाचा दिवस येतो, १३ ऑक्टोबरला येवल्याच्या धर्मांतर घोषणेचा. या दोन्ही दिवशी जिल्ह्यातल्या स्वयंप्रकाशित लेखकांसाठी एक टेबल मोफत ठेवा. प्रत्येक विहाराने वर्षाला अशी निदान पाच पुस्तके पूर्ण किंमत मोजून घ्यावीत आणि ती कुलपात न ठेवता मुलांच्या हाती द्यावीत. प्रत्येक तालुक्यातल्या वकील बांधवांनी लेखकांचे करारपत्र विनामूल्य तपासून द्यावे. त्र्यंबक तालुक्यापुरती ही जबाबदारी आम्ही आजपासून घेत आहोत. करारपत्र घेऊन या, पण सही करण्यापूर्वी या!

जयभीम!