आमचा नळ चावतो!

‘‘मॅडम, तुम्ही एखाद्या कन्स्ट्रक्शन साइटवर आहात का?’’

एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीचा एचआर हेड मला विचारत होता. तीन आठवडे मागे लागून मिळवलेली मुलाखत, जेमतेम वीस मिनिटांचा स्लॉट. आणि मी कुठे? तर आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. वर आमच्या घरात कटर मशीन भिंत कापत होतं. मुलाखतीचा विषय होता, ‘घरून काम करणाऱ्यांची एकाग्रता’. आता काय लपवणार? ‘‘नाही सर, घरूनच बोलतेय,’’ म्हटलं. साहेब जे हसत सुटले, त्यात चार मिनिटं गेली. पण एक सांगते, त्यानंतर ते जाम मोकळेपणाने बोलले. धुळीचा मला झालेला हा एकमेव फायदा.

तर मंडळी, आमच्या घराचं वायरिंग बदललं. अख्ख्या घराचं. इलेक्ट्रिशियन म्हणाला होता सहा दिवस. लागले तेरा.

आमची बिल्डिंग नारायण पेठेतली, १९७४ सालची. त्या वेळी वायरिंग करणाऱ्याने काय हिशेब केला असेल? चार ट्यूब, तीन पंखे, एक रेडिओ आणि इस्त्री. लाकडी पट्ट्यांवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेल्या वायरी, आत ॲल्युमिनियमची तार. तेव्हा तांबं महाग, म्हणून घराघरांत ॲल्युमिनियमच असायचं. मग हळूहळू फ्रिज आला, वॉशिंग मशीन आलं, गीझर आला, मायक्रोवेव्ह आला. मी घरून काम करायला लागल्यावर माझ्या खोलीत एसी आला. वायर मात्र तीच. माझ्या टेबलाखाली एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा एक्स्टेन्शन, त्यात तिसरा. नात्यागोत्याचा नुसता वंशवृक्ष!

एकदा मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. शाळेतला फंडा आहे, वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर. २००० वॅटचा गीझर म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर. तेवढीच आईची इंडक्शन शेगडी. म्हणजे झाले १७-१८. त्यात एसी आणि मायक्रोवेव्ह धरा. आणि या सगळ्यांची राखण करायला मेन बोर्डावर १५ अँपिअरचा एक चिनीमातीचा फ्यूज!

इथे बाबांची एन्ट्री. आमच्याकडे फ्यूज उडाला की बाबा टेस्टर आणि तारेचं भेंडोळं घेऊन स्टुलावर चढणार, हे लहानपणापासूनचं दृश्य. अंधारात मी टॉर्च धरायची. ‘‘बारीक तार सारखी उडते गं, म्हणून मी तीन पदर पिळून टाकतो. आता बघ, वर्षभर हात लावावा लागणार नाही.’’ आणि खरंच लागायचा नाही. आम्हाला वाटायचं, बाबा म्हणजे सॉलिड हुशार माणूस.

मग जानेवारीतल्या एका संध्याकाळी पॅसेजमधल्या बोर्डातून वास यायला लागला. मासळीसारखा. आमच्या शुद्ध शाकाहारी घरात! आईने आधी शेजारच्यांवर संशय घेतला. मी बोर्डाला हात लावला तर इस्त्रीसारखा गरम. प्लॅस्टिक जळायच्या बेतात असलं की असा वास येतो, हे मला दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने सांगितलं. त्याने बोर्ड उघडला. आतल्या वायरीचं आवरण कोळशासारखं काळं पडलं होतं, बोट लावलं की भुगा होत होता. मग त्याने मेन बोर्डातून बाबांची ती तीनपदरी तार काढली आणि तळहातावर ठेवून बाबांसमोर धरली.

‘‘काका, फ्यूजचं काम काय असतं? स्वतः मरायचं आणि घर वाचवायचं. तुम्ही त्याला अमर केलात. मग मरायची पाळी कोणावर येणार? वायरीवर.’’

बाबा काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.

त्या रात्री घरात ठरलं, सगळं उचकटायचं. कोटेशन आलं नव्वद हजारांचं. त्यात माझ्या नव्या लॅपटॉपसाठी ठेवलेले पैसे गेले. (माझ्या जुन्या लॅपटॉपचं बिजागर रबर बँडवर आहे. असो.)

आता पुढच्या तेरा दिवसांबद्दल थोडक्यात. भिंतीत झिरी मारणे नावाचा एक प्रकार असतो. कटरने भिंतीवर दोन समांतर रेघा कापायच्या, छिन्नीने मधला भाग काढायचा, त्यात पीव्हीसी पाइप बसवायचा आणि मग पाइपातून वायरी ओढायच्या. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांत घरात धुकं पसरतं. फ्रिजमधल्या दह्यावर साय आलीय असं वाटलं, ती सिमेंटची होती! (झाकण लावायला विसरलेली व्यक्ती हा कॉलम लिहितेय.) सदाशिव पेठेतल्या मैत्रिणीकडे मी आंघोळीला जायची. फोन चार्जिंगला कॅफेत. तिथे एक कोल्ड कॉफी चार तास पुरवायची कला मला आता अवगत आहे. त्यात गुरुवारी पाणी बंद. राडारोड्याची पोती जिन्यात ठेवली म्हणून सोसायटीची नोटीस. हेल्पर एक दिवस गावाला गेला तो तीन दिवसांनी उगवला, बहिणीचं लग्न होतं म्हणे. पेढे घेऊन आला, मग काय बोलणार?

या सगळ्यात घरातली एकच व्यक्ती मजेत होती. आजी. वय वर्षं ब्याऐंशी. काचबिंदूमुळे दिसणं फार कमी झालंय, पण कान शाबूत. दिवसभर खुर्ची टाकून ती कामगारांशी गप्पा मारायची. खाली मीटरजवळ अर्थिंगचा खड्डा खणला आणि त्यात कोळसा नि मीठ घालायचंय म्हटल्यावर तिने विचारलं, ‘‘अरे, लोणचं घालताय की काय?’’ मीठ आणि कोळशाने ओल टिकते आणि करंट जमिनीत सहज उतरतो, हे इलेक्ट्रिशियनने तिला समजावून सांगितलं. तोपर्यंत आमच्या घराला अर्थिंग होतं का? नव्हतं! प्रत्येक सॉकेटमधलं वरचं तिसरं मोठं भोक पन्नास वर्षं निव्वळ शोभेला होतं. त्याच्या मागे वायरच नव्हती.

इथपर्यंत ही धमाल गोष्ट होती. पुढचं जरा वेगळं आहे.

दहाव्या दिवशी नवा डीबी बसला. देखणा पांढरा डबा, आत ओळीने एमसीबी आणि सुरुवातीला आरसीसीबी नावाचा एक मोठा स्विच. एमसीबी म्हणजे फ्यूजचा शिकलेला नातू. लोड जास्त झाला की खाली पडतो, तार पिळायची भानगड नाही. आरसीसीबीचं काम वेगळं. घरात जितका करंट आला तितकाच परत गेला का, हे तो सतत मोजत असतो. मधल्या मध्ये ३० मिलिअँपिअर एवढा जरी गळाला, म्हणजे एखाद्याच्या अंगातून जमिनीत गेला, तरी सेकंदाच्या छोट्याशा भागात तो सगळ्या घराची वीज तोडतो.

पेढे खाऊन बटणं दाबली. दिवे लागले, पंखे फिरले, फ्रिज सुरू झाला. आईने गीझर लावला आणि खट्‌! सगळं घर अंधारात.

पुन्हा लावलं. पुन्हा खट्‌. चार वेळा. बाबा वैतागले. ‘‘नवीन माल हा असा! ते काढून टाका आणि डायरेक्ट जोडा बघू. इतकी वर्षं चालला गीझर, काही झालं का?’’

इलेक्ट्रिशियन शांतपणे म्हणाला, ‘‘काका, हा खोटं बोलत नाही. गीझर बघू या.’’ त्याने मीटर लावून तपासलं. गीझरची कॉइल आतून गेली होती. तिच्यातला करंट पाण्यात आणि गीझरच्या पत्र्यात उतरत होता. अर्थिंग नव्हतं, म्हणून तो जायचा कुठे, तर लोखंडी पाइपातून बाथरूमच्या नळात.

त्याने विचारलं, ‘‘कोणाला कधी नळाला शॉक वगैरे जाणवला नाही?’’

खोलीत शांतता. आणि मग खुर्चीतून आजीचा आवाज आला, ‘‘मी सांगतेय ना दिवाळीपासून. नळ चावतो म्हणून.’’

सांगत होती. खरंच सांगत होती. ‘‘नळाला हात लावला की मुंग्या येतात गं.’’ आम्ही काय केलं? हसलो. मी तर तिची नक्कल करून दाखवली होती भावाला व्हिडिओ कॉलवर. आईला वाटलं डायबेटिस, हातापायाच्या नसा. डॉक्टरांकडे नेलं, त्यांना आम्हीच ‘हाताला मुंग्या’ असं सांगितलं, नळाचा उल्लेखच केला नाही. त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. तीन महिने ती मुकाट गोळ्या घेत होती आणि रोज पहाटे पाच वाजता त्याच नळाला हात लावत होती.

मग आम्हाला का नाही कधी काही जाणवलं? उत्तर इतकं साधं होतं की लाज वाटली. गीझरचा स्विच बाथरूमबाहेर, उंचावर. आम्ही सगळे तो बंद करून आत जायचो. बाबांची तशी शिस्तच होती. आजीचा हात तिथे पोचायचा नाही. तिच्यासाठी कोणीतरी गीझर लावून ठेवायचं आणि तो तसाच चालू राहायचा. शिवाय आम्ही स्लीपर घालून जातो. ती अनवाणी, ओल्या फरशीवर.

इलेक्ट्रिशियन गीझर उतरवत एवढंच म्हणाला, ‘‘नशीब मुंग्यांवर भागलं.’’

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. उशिरा मी पाणी प्यायला उठले तर ते आजीच्या कॉटवर, तिच्या पायाशी बसले होते. ती जागीच होती. म्हणाली, ‘‘अरे, तुझ्या लहानपणी तू पोट दुखतंय म्हणायचास, तेव्हा मीही आधी शाळा बुडवायचं नाटकच समजायचे. जा, झोप.’’ मी पाणी न पिताच परत फिरले.

उरलेले तीन दिवस घरात वाद नाही, आरडाओरडा नाही. फक्त एक दुरुस्ती झाली. मी नेटवर फोटो बघून पॅसेजचा बोर्ड दाराच्या उजवीकडे, एकदम मॉडर्न जागी घ्यायला सांगितला होता. बाबा म्हणाले, ‘‘नाही. होता तिथेच ठेवा.’’ कारण आजी रात्री उठली की डोळ्यांनी बघत नाही, हाताने बघते. भिंतीला हात लावत सात पावलं, मग खांद्याच्या उंचीवर डावीकडे बटण. हा नकाशा तिच्या बोटांत पन्नास वर्षं आहे. नवे स्विच सगळे सपाट, एकासारखा एक. म्हणून आईने तिच्या बटणावर टिकली चिकटवली. आता बोटाला बरोबर लागते. गीझरचा स्विचही खाली आला, आजीच्या हाताला येईल असा.

आता तुमच्यासाठी. घर जुनं असेल, स्वतःचं किंवा भाड्याचं, तर एवढं तरी करा. बोर्ड गरम लागतोय, वास येतोय, दिवे मिचमिचताहेत, तर ‘बघू नंतर’ म्हणू नका. फ्यूजला जाड तार घालणाऱ्या घरातल्या इंजिनिअरला प्रेमाने आवरा. लायसन्स असलेल्या वायरमनला बोलवा आणि एकच प्रश्न विचारा, ‘अर्थिंग खरं आहे की शोभेचं?’ आरसीसीबी असेल तर त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघा. खट्‌ झालं पाहिजे. नाही झालं तर तो तुमचं रक्षण करत नाहीये. आणि तो सारखा पडत असेल तर त्याला शिव्या घालू नका. तो काय सांगतोय ते ऐका.

आमच्याकडे दोघं सांगत होते. यंत्राचं आम्ही एका दिवसात ऐकलं. आजीचं ऐकायला तीन महिने लागले.

परवा पहाटे बाथरूममधून आजीची हाक आली. मी धडपडत धावले, अर्धवट झोपेत, छातीत धडधड. दाराशी जाऊन ओरडले, ‘‘काय झालं गं आजी?’’

आतून उत्तर आलं, ‘‘काही नाही. सांगायचं होतं, नळ आज गप्प आहे.’’