आधी रक्त तपासा, मग तेल

परवा वस्तीतल्या बैठकीत विषय रेशनचा होता, पण बायका बोलल्या केसांवर. "ताई, वेणी शेपटीएवढी राहिली, कुठलं तेल लावू?" एकीने तर उधारीवर महागडी बाटली घेतलेली. मला तेलाचा राग नाही, मीही लावते. पण रक्त एकीनेही तपासलेलं नव्हतं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अंगात लोह कमी पडलं की केसही गळू शकतात, आणि ती उणीव तेलाने भरत नाही. बाळंतपणानंतरची गळती बहुधा वर्षभरात थांबते. ही थांबत नाही, कारण बाई रोजच सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं जेवते. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात (चहाबरोबर मात्र घेऊ नका). पुढच्या बैठकीत हिमोग्लोबिन तपासायचं ठरलंय. घरात आधी कोण जेवतं, हेही विचारणार आहे.