झाडांचा पैसा आपल्या गल्लीत कधी येणार?

महापालिकेच्या अंदाजपत्रकात उद्यान खाते एका पानावर आणि आरोग्य खाते दुसऱ्या पानावर असते. वस्तीतल्या माणसाच्या अंगात मात्र ही दोन्ही खाती एकत्रच राहतात.

आम्ही आरोग्याचे काम करणाऱ्या बाया एप्रिल-मे महिन्यात घरोघर फिरतो. पत्र्याचे घर दिवसभर तापते आणि रात्रीही निवत नाही. चक्कर, डोकेदुखी, लघवीला जळजळ या तक्रारी दारोदार ऐकू येतात. कितीतरी बाया मुद्दाम पाणी कमी पितात, कारण संडासाला रांग असते. गरोदर बाईला अशा उष्म्यात दिवस भरण्याआधीच कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. आम्ही ओआरएसची पाकिटे वाटतो आणि वाटत राहू. पण पाकिटाने पत्रा थंड होत नाही.

झाड सावली देते, पानांतून ओलावा सोडून हवा थंड करते. मोकळी माती पावसाचे पाणी पिते. आपल्या गल्ल्यांत मात्र सुधारणा म्हणजे सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक. असलेल्या एखाद्या पिंपळाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट! मग पाणी मुरणार कुठे? ते घरात शिरते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, भरावांनी अरुंद झालेली मिठी नदी वस्त्यांत घुसली आणि मागोमाग लेप्टोची साथ आली. त्या पावसाला झाडांनी अडवले नसते, हे खरे. पण दरवर्षीच्या साध्या पावसातही आपण गुडघाभर घाण पाण्यातून चालतो आणि पायाच्या जखमेतून जंतू शिरतात, त्याचे काय?

पैसा नाही, हे आम्हाला पटत नाही. राज्याच्या 1975 च्या झाडांच्या कायद्यात वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्ष उपकर आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरातील वनीकरण आणि झोपडपट्टी सुधारणा, दोन्ही कामे आहेत. तरी आम्हाला दिसतात त्या दुभाजकावरच्या कुंड्या आणि जिथे बाग आहे तिथेच दुसरी बाग.

साहेब विचारतात, वस्तीत जागा कुठे आहे? विहाराचे अंगण, अंगणवाडीची कडा, शाळेचे मैदान, नाल्याचा काठ. नाल्याकाठी करंज चांगला येतो. जिथे खरेच जागा नाही तिथे पत्र्याला पांढरा रंग द्या, तोही याच पैशातून. आणि रोप लावून फोटो काढला की काम संपत नाही. तीन वर्षे पाणी घालणाऱ्याची मजुरी धरा आणि ती मजुरी वस्तीतल्याच माणसाला द्या.

एका बाबतीत सावध राहा. हिरवळीच्या नावाने घरेही जातात. 1997 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईत राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या हजारो झोपड्या तुटल्या. म्हणून नाल्याकाठच्या कुठल्याही योजनेला संमती देण्याआधी एकही घर हलणार नाही, हे लेखी घ्या.

माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात आणि उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. विचारा: आमच्या प्रभागात तीन वर्षांत वृक्ष उपकराचे किती रुपये खर्च झाले, कोणत्या ठिकाणी, आणि त्यातली किती झाडे आज जिवंत आहेत? लिहायची अडचण असेल तर रविवारी वंदनेनंतर विहारात बसा. कॉलेजला जाणारी आपली पोरे लिहून देतील.