अम्मीसाठी 'काहीतरी' घेण्याऐवजी

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की आपले बाजार रात्रभर जागे असतात. मुंबईत भेंडीबाजार आणि मोहम्मद अली रोड, पुण्यात कॅम्प, नागपुरात मोमिनपुरा, कुठेही जा. तरावीह आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे खरेदीला बाहेर पडतात. आधी लहान मुलांचे कपडे होतात, मग तरुण मुलींचे आणि सुनांचे, मग घरातल्या पुरुषांचे कुर्ते. पैसे आणि पाय दोन्ही थकले की कुणाला तरी आठवते, "अरे, अम्मीसाठीपण काहीतरी घ्यायचंय!" हे 'काहीतरी' म्हणजे बहुधा करड्या नाहीतर बदामी रंगाचा, पाच मिनिटांत उचललेला ड्रेस पीस. दादी-नानीच्या वाट्याला तर तेवढेही येत नाही. "या वयात त्यांना काय हवंय?" असे म्हणून सुती साडीची घडी पिशवीत जाते.

यात कुणाच्या मनात खोट नसते, हे आम्हाला मान्य आहे. पण वाचक भगिनी-बंधूंनो, वर्षानुवर्षे असेच होत राहिले की त्या घरातल्या मोठ्या माणसाला एक गोष्ट न बोलता कळते. आपली आवड आता कुणी विचारणार नाही, ही ती गोष्ट. म्हणून या महिन्यात आम्ही कपडे आणि भेटवस्तू या विषयावर लिहितो आहोत, आणि सुरुवात मोठ्या माणसांपासून करतो आहोत.

'मला काही नको' याचा अर्थ

आपल्या घरांतल्या आया आणि सासवा विचारल्यावर एकच उत्तर देतात, "मला काही नको, मुलांना घ्या." आयुष्यभर आधी दुसऱ्यांचे पाहिलेल्या बाईच्या तोंडून दुसरे काही निघणारही नाही. हे उत्तर खरे मानून मोकळे होऊ नये. 'हवे का?' असे विचारण्याऐवजी 'यातले कोणते?' असे विचारावे. दोन-तीन कापडे समोर ठेवली, हातात घेऊ दिली, तर बोटे आपोआप एकाकडे वळतात. दुकानात येणे शक्य नसेल तर दुकानातून व्हिडिओ कॉल करावा. रंग फोनवर थोडा वेगळा दिसतो, एवढे लक्षात ठेवावे.

शक्य असेल तर ही खरेदी शाबान महिन्यातच उरकावी. त्या वेळी गर्दी कमी असते, दुकानदार बसायला स्टूल देतो, चार घड्या उलगडून दाखवतो. रोजा ठेवून गर्दीत उभे राहणे साठी-सत्तरीच्या माणसाला झेपत नाही. शिवाय रमजान अर्धा सरला की चांगले टेलर नवे काम घेत नाहीत. मग मोठ्यांचे कापड न शिवता तसेच कपाटात जाते आणि ईदच्या दिवशी अंगावर मागच्या वर्षीचाच जोड असतो.

रंगाला वय नसते, आणि वैधव्यही नसते

पन्नाशीनंतर लाल, हिरवा, जांभळा घालू नये, असा कुठलाही नियम नाही. तो आपल्या भोवतालच्या बोलण्यातून तयार झाला आहे. केस पांढरे झाले की फिकट बदामी रंगात चेहरा उलट अधिक थकलेला दिसतो. गडद हिरवा, मोरपंखी, वांगी, मरून हे रंग खुलतात. भडकपणा टाळायचा असेल तर कापड गडद घ्यावे आणि काम कमी ठेवावे. गळ्याला आणि बाहीला बारीक किनार पुरेशी होते.

इथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते. पती वारल्यानंतर बाईने जन्मभर पांढरे किंवा फिकेच नेसावे, बांगड्या घालू नयेत, मेहंदी लावू नये, असे आपल्या अनेक घरांतही मानले जाते. शरियतने साजशृंगार टाळण्याची मुदत ठरवून दिली आहे, ती इद्दतीची: चार महिने दहा दिवस, आणि बाई गरोदर असेल तर बाळंतपण होईपर्यंत. त्यानंतर तिच्या रंगांवर कसलीही बंदी नाही. पुढची बंदी आपल्या आजूबाजूच्या रूढीतून आली आहे. धर्माने जी मोकळीक दिली ती घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढून घेऊ नये. विधवा खाला किंवा फुफीला ईदला रंगीत जोड द्यावा, आणि देताना त्याबद्दल फार बोलूही नये. इतरांना जसा देतो तसाच तिलाही द्यावा. तिला स्वतःहून पांढराच आवडत असेल तर तोही आनंदाने घ्यावा. निवड तिची असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

वय वाढते तसा बेत बदलतो

नीटनेटके दिसणे हे किमतीपेक्षा मापावर अवलंबून असते. पाच वर्षांपूर्वीच्या मापावर शिवलेला महागडा सूट आज खांद्यावर ओढला जातो, आणि साधा सुती जोड नीट मापाचा असला की शोभून दिसतो. म्हणून दर वेळी नवे माप द्यावे.

हायस्कूल-कॉलेजातल्या मुलींना चलनातले हवे असते आणि ते साहजिक आहे. त्यांच्यासाठी एक युक्ती चांगली चालते. चलन बदलते ते ओढणी, दुपट्टा, बांगड्या, क्लिप, पर्स यांत खर्चावे; सूट आणि अबाया मात्र दोन-तीन वर्षे टिकेल असा साधा घ्यावा. दुचाकीवर बसणाऱ्या मुलींनी ओढणीची टोके बांधून घ्यावीत आणि अबायाचा घेर गुंडाळून बसावे. चाकात कापड अडकून जिवावर बेतते.

अबायासाठी बाजारात 'निदा' आणि 'क्रेप' जास्त विकले जातात. ही कापडे बहुधा पॉलिस्टरची असतात. चुरगळत नाहीत, पटकन वाळतात, पण कोकणातल्या दमट हवेत अंगाला चिकटतात. ज्यांना घाम फार येतो त्यांनी आतला जोड सुती ठेवावा. ज्येष्ठ बायांचा अबाया जमिनीवर लोळता कामा नये. जिना चढताना आणि रिक्षात बसताना पाय अडकतो. दोन बोटे वर शिवून घेतला तर पडदाही राहतो आणि पायही सुरक्षित राहतो.

साठीनंतर हात पाठीमागे जात नाहीत, बोटांना बारीक हूक लागत नाहीत. टेलरला आधीच सांगावे: गळा पुढून उघडणारा, मोठी बटणे किंवा टिचबटणे, काखेत थोडी ढील, सलवारीला नाड्याऐवजी इलॅस्टिक, आणि कमीजला एक खिसा. खिशात मोबाइल, तसबीह आणि औषधाची पट्टी राहते. अब्बांच्या पायजम्यालाही हेच लागू आहे. हे बदल बाहेरून दिसत नाहीत, पण कपडा रोज अंगावर येतो की पेटीत पडून राहतो, हे त्यांच्यावर ठरते.

पायताण संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि खरे माप तेव्हा कळते. कोल्हापुरी चप्पल आपली शान आहे. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तरुणांना ती अवश्य द्यावी. पण नवी कोल्हापुरी कडक असते आणि अंगठ्याशी घासते. ज्यांना मधुमेह आहे आणि पायाला जखम लवकर कळत नाही, त्यांना ती देऊ नये. त्यांना मागे पट्टा असलेले, मऊ तळव्याचे, न घसरणारे पायताण द्यावे.

आपल्याच गावांचे कापड

चांगले दिसण्यासाठी मॉलमध्येच जावे लागते असे नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत रोज लाखो मीटर कापड निघते, आणि मालेगाव-भिवंडीत त्यामागचे हात बरेचसे मोमिन विणकरांचे आहेत. सोलापूरची चादर आणि टॉवेल तर घरोघरी आहेतच.

औरंगाबादचा हिमरू हा सूत आणि रेशीम एकत्र विणून केलेला कापडप्रकार. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा कारागिरांबरोबर ही कला दख्खनेत आली असे मानले जाते. त्याचेच भावंड 'मशरू'. त्यात रेशमाचा पृष्ठभाग बाहेर दिसतो आणि अंगाला लागते ते सूत. पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य असल्याने ही युक्ती निघाली, आणि मशरू या शब्दाचा अर्थच 'शरियतने परवानगी दिलेले' असा आहे. आज हातमागावरचा हिमरू विणणारे मोजकेच उरले आहेत आणि यंत्रावरची नक्कल त्याच नावाने विकली जाते. हिमरूची शाल किंवा स्टोल घ्यायचा तर शक्यतो माग चालू असलेल्या ठिकाणी जाऊन घ्यावा. हातमागाच्या कापडासाठी 'हँडलूम मार्क' २००६ पासून आहे आणि शुद्ध रेशमासाठी 'सिल्क मार्क' २००४ पासून. ही चिन्हे पाहून घ्यावीत.

कापड ओळखण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. काठाचा एक धागा काढून काळजीपूर्वक जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक मणी तयार होतो. रंग पक्का आहे का हे पाहण्यासाठी ओला पांढरा रुमाल कापडावर घासावा. सुती आणि रेयॉन शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढावे, नाहीतर पहिल्या धुण्यात जोड आखूड होतो.

भेट देताना माणूस पाहावा

हदिया दिल्याने माया वाढते, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली असते. पण वयस्कर माणूस म्हणजे जानमाज आणि तसबीह, असे आपण ठरवून टाकले आहे. अनेक घरांत दादींच्या पेटीत सात-आठ जानमाज घडी घालून पडलेले असतात. गुडघे धरणाऱ्या दादींना नमाजसाठी पाठीची मजबूत खुर्ची हवी असते. नजर मंदावलेल्या अब्बांना मोठ्या टायपातला कुरआन आणि मोठ्या आकड्यांचे घड्याळ. ज्यांना भरतकामाची हौस होती त्यांना रंगीत रेशमाच्या लडी द्याव्यात. ज्यांना लावण्याची आवड आहे त्यांना अत्तर.

अत्तर घेताना बाटली हुंगून ठरवू नये. मनगटावर लावावे, अर्धा तास बाजारात फिरावे, मग जो वास उरतो तो खरा. उन्हाळ्यात खस, गुलाब, मोगरा बरे. थंडीत हिना, शमामा, ऊद. अगदी स्वस्तात 'अस्सल चंदन' किंवा 'अस्सल ऊद' कुणी देत असेल तर ते अस्सल नाही, हे समजून चालावे.

मुलीला किंवा सुनेला सोन्याचे छोटे कानातले देणार असाल तर दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक पाहावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो असणे बंधनकारक आहे, आणि 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो तपासता येतो.

पावती आणि हिशेब

ईदच्या गर्दीत आपण पावती मागत नाही. दुकानाच्या भिंतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असते आणि आपण ती कायदा समजतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे, हीसुद्धा अनुचितच. नुसता रंग आवडला नाही म्हणून हा हक्क मिळत नाही, पण शिवण उसवली किंवा कापड फाटके निघाले तर मिळतो. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

हिशेबाबद्दल शेवटचे. फितरा आणि जकात आधी बाजूला काढावी, मग घरखर्च, आणि उरलेल्यातून खरेदी. कर्ज काढून किंवा हप्त्यावर कपडे घेऊ नयेत. इसराफ आपल्याला मना आहे. पण काटकसर करायची तर ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी यावी. मुलांचे तीन जोड आणि अम्मीचा एक फिका, याला काटकसर म्हणता येत नाही. मुलांचा एक जोड कमी करावा आणि खरेदीच्या यादीत अम्मी, अब्बा, दादी, खाला यांची नावे सर्वांत वर लिहावीत. नावापुढे त्यांच्या पसंतीचा रंग लिहावा. तो ठाऊक नसेल तर यादी बाजूला ठेवून आजच त्यांना विचारून यावे.