दुधाच्या पगाराची वही



जोडधंदा म्हटला की आपल्याकडे पहिले नाव निघते गाईचे. पिकाचा पैसा हंगामाला, तोही पावसाच्या मर्जीवर. दुधाचा पगार मात्र दर दहा दिवसांनी हातात पडतो. पण असा नेमाने पैसा येऊ लागला की घरखर्चही त्याच मापाने वाढतो, आणि गाय काही बारा महिने पगार देत नाही.

नोकरीत नवीन असताना मी एका कोरडवाहू शेतकऱ्याला गाय घेण्याचा आग्रह केला होता. दूध गुणिले दर, असा हिशेब कागदावर मांडून दाखवला. आठ-नऊ महिने गडी खूष होता. पगाराच्या भरवशावर किराणा वाढला, भिशी लावली. गाय आटली तशी भिशी थकली, पेंडीची उधारी चढली आणि अखेर गाभण गाय त्याने पडत्या भावात बाजारात काढली. "साहेब, तुमच्या कागदावर भाकडकाळ कुठं होता?" त्याने विचारले. नव्हताच. तेव्हापासून हिशेब करताना मी भाकडकाळ आधी लिहितो.

समजा, संकरित गाय सरासरी १० लिटर दूध देते आणि दर ३० रुपये आहे. दहा दिवसांचे ३,००० रुपये झाले. शरीरपोषणाला दीड किलो आणि दर लिटरमागे ४०० ग्रॅम, असा रोज साडेपाच किलो खुराक लागतो. ३२ रुपये किलोने त्याचे १७६ रुपये, वर क्षारमिश्रणाचे ८. म्हणजे दहा दिवसांत १,८४० रुपये गेले, उरले १,१६०. (भाव समजण्यापुरते धरले आहेत, तुमच्या गावचे घालून पाहा.) ही उरलेली रक्कम सगळी खर्चायची नाही.

गाय साधारण दहा महिने दूध देते आणि विण्यापूर्वी दोन महिने आटवावी लागते. भाकड आहे म्हणून खुराक तोडू नका. पोटातले वासरू याच काळात झपाट्याने वाढते. रोज दोन किलो खुराक आणि क्षारमिश्रण धरले तर ७२ रुपये, साठ दिवसांचे ४,३२०. दुधाच्या दहा महिन्यांत पगार होतात तीस. म्हणजे प्रत्येक पगारातून १५० रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे. विमा, लस आणि डॉक्टर यांसाठी आणखी १००. घराला राहिले ९१०. तेवढ्यातच किराणा बसवायचा.

यात चारा घरचा धरला आहे. कडबा आणि हिरवा चारा विकत घ्यावा लागला तर रोजचे ७०-८० रुपये सहज जातात आणि घराला जेमतेम ११० ते २१० रुपये उरतात. म्हणून पाणी असेल तर आधी दोन-चार गुंठ्यांत हत्तीगवताचे ठोंब लावा, गाय मागाहून आणा. शेणखत मात्र वहीत जमेला धरा. उकिरड्यावर पडले म्हणून ते फुकटचे होत नाही.

वहीत आणखी एक तारीख हवी, ती माजाची. व्यायल्यावर दोन-तीन महिन्यांत गाय भरली पाहिजे. एक माज चुकला तर पुढचा २१ दिवसांनी. तेवढे पुढचे वेत लांबते आणि शेवटी खुराक चालू, दूध बंद, असे दिवस वाढतात. पहाटे गोठ्यात जाणाऱ्या बाईलाच माज आधी कळतो. पण "बघू उद्या" म्हणत पुरुषमंडळी रेतनाची वेळ घालवतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आणि पगारावर उचल घेऊ नका. औषधपाण्याला घेतली तर समजू शकतो, पण लग्नाच्या आहेराला कशाला?

परवा एका घरी गेलो होतो. तिथली वही नववीतली मुलगी लिहिते. दुधाची चिठ्ठी आली की फॅट, लिटर, रक्कम उतरवून ठेवते. तिच्या आईने विचारले, "साहेब, दुसरी गाय घ्यावी म्हणतो आम्ही. कर्ज मिळतंय." मी डबा मागितला. अठरा पगारांचे २,७०० रुपये बरोबर होते, फक्त पहिली गाय अजून आटायची होती.

"ताई, या डब्यावर एक भाकडकाळ निघू द्या," मी म्हणालो, "मग मला बोलवा." मुलीने तेही वहीत लिहून घेतले.