परदेशातील रुग्ण आणि आपले होऊ घातलेले डॉक्टर

बारावीची परीक्षा आणि तिच्यापाठोपाठची 'नीट' आटोपली, की निकाल लागेपर्यंतचे दिवस मध्यमवर्गीय घरांना खायला उठतात. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींपुढे या रिकाम्या दिवसांत अलीकडे एक नवे आकर्षण ठेवले जाते. आफ्रिकेतील किंवा आग्नेय आशियातील एखाद्या देशात दोन-चार आठवडे 'वैद्यकीय स्वयंसेवक' म्हणून जायचे, तेथील रुग्णालयात वावरायचे आणि प्रमाणपत्र घेऊन परतायचे. निवास, भोजन, शुल्क आणि विमानभाडे धरता खर्च लाखांच्या घरात जातो. जालन्यातील एखाद्या प्राध्यापकाच्या किंवा मोसंबीच्या बागायतदाराच्या घरापर्यंतही अशा जाहिराती भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून आता सहज पोचतात. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला तरुण, भोवती काळीसावळी हसरी मुले आणि खाली 'सेवा' हा शब्द, असे त्यांचे स्वरूप असते. सेवा म्हटल्यावर आपल्या समाजात कोणी सहसा आडवे येत नाही, आणि म्हणूनच या 'सेवे'कडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे.

व्यवहाराचा प्रश्न चटकन निकाली काढता येतो. भारतात एमबीबीएसचा प्रवेश 'नीट'च्या गुणांवर मिळतो. युगांडात काढलेल्या पंधरा दिवसांना तेथे एकही गुण नाही. अमेरिकेतील पद्धती वेगळी आहे. तेथे आधी पदवी घ्यावी लागते आणि वैद्यकीय महाविद्यालय अर्जदाराच्या सामाजिक कामाचीही दखल घेते. त्यामुळे न्यू जर्सीतील किंवा टेक्सासमधील मराठी कुटुंबांना हा प्रश्न अधिक जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनेच 2011 साली विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. जे काम स्वदेशात करण्याची तुम्हाला मुभा नाही ते परदेशातील रुग्णांवर करू नका, हा त्यांचा गाभा. तशा 'अनुभवा'ने अर्जाचे वजन वाढण्याऐवजी घटू शकते, हेही विद्यार्थ्यांना सांगण्यात आले. ज्या लाभासाठी पालक खर्च करायला निघतात, त्या लाभाविषयीच शंका आहे.

मात्र उपयोग होतो की नाही, एवढ्यावर हा विषय संपत नाही. खरा प्रश्न खाटेवरच्या रुग्णाचा आहे. कल्पना करावी की परतूर किंवा मंठा तालुक्यातील एखाद्या तांड्यावरून बाळंतपणासाठी आलेली स्त्री ग्रामीण रुग्णालयात आहे. तिच्या उशाशी परदेशातून आलेला, नुकतीच शालान्त परीक्षा दिलेला एक मुलगा उभा आहे. तिची भाषा त्याला येत नाही. रक्तदाब मोजण्याचा, टाके घालण्याचा, किमान सुई टोचण्याचा 'अनुभव' त्याला हवा आहे आणि त्यासाठी त्याने पैसे मोजले आहेत. हे चित्र पाहून जालन्यातील कोणताही सुबुद्ध नागरिक संतापेल. आमच्या लेकीबाळी म्हणजे सरावाची साधने आहेत काय, असे तो विचारील. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने वैद्यकीय उपचार करणे हा आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. मग तोच मुलगा जालन्याचा आणि तीच स्त्री टांझानियाची असली, तर नीती बदलते काय? आपण ज्यांना भोंदू डॉक्टर म्हणतो त्यांची पदवी तपासायची, आणि आपल्या मुलाने परदेशात तेच केले की त्याचे छायाचित्र दिवाणखान्यात लावायचे, हा दुटप्पीपणा सेवेच्या परंपरेत बसणारा नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. मुलाने जग पाहिले, गरिबी जवळून पाहिली, तर त्याच्या मनात करुणा जागी होणार नाही काय? होईल. पाहायला, ऐकायला, शिकायला जाण्यात काहीच गैर नाही. मात्र तेव्हा त्याला अभ्यासदौरा म्हणावे, आणि यजमान रुग्णालयाचा जो वेळ खर्च होतो त्याचे ऋण आपल्या माथी आहे असे मानावे. अनोळखी भाषेच्या वॉर्डात अननुभवी पाहुण्यामागे तेथील परिचारिकेला आणि डॉक्टरला फिरावे लागते. सेवा येथे कोण कोणाची करतो?

डॉक्टरने परदेशी सेवेला जावे कसे, याचा धडा महाराष्ट्राला बाहेरून घेण्याची गरज नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन कोटणीस तयार झालेले होते. सहकाऱ्यांपैकी काही लवकर परतले, ते राहिले. चिनी भाषा शिकले, तेथील रुग्णालयाची धुरा वाहिली, तेथेच विवाह केला आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या राजवटीच्या सैन्यासाठी ते राबले तिच्याविषयी भारतीयांचे मत पुढे काय झाले, हा वेगळा विषय. कोटणिसांच्या निष्ठेला त्याने बाध येत नाही. हाती आधी विद्या होती, मग भाषा आली आणि अखेरपर्यंतचा मुक्काम घडला. पंधरा दिवसांच्या सहलीत यातले काय बसते?

खुद्द जालन्यातही परदेशी वैद्यकीय सेवेचे एक जुने उदाहरण डोळ्यांसमोर आहे. येथील मिशन रुग्णालय स्कॉटिश मिशनऱ्यांनी उभे केले. त्यामागच्या धर्मप्रसाराच्या हेतूविषयी तीव्र मतभेद आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. तरीही ही माणसे छायाचित्रापुरती आलेली नव्हती. विरोधकानेही त्यांच्याकडून घेण्यासारखे काही असेल, तर ते हे ठाण मांडून बसणे.

याच जिल्ह्याने आणखी एक माणूस दिला, ज्याची गोष्ट डॉक्टर होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगितली पाहिजे. देहेड या गावी गरिबीत वाढलेले डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरला वैद्यक शिकले आणि रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालन्याच्या कोरडवाहू शिवारातून आलेल्या तरुणाला पावसाने न्हालेले कोकण परक्या मुलखासारखेच होते. तेथे लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, मरत होती. दंशानंतर हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी साठते, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्री जागून टिपले. 1982 साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात त्यांचे निरीक्षण छापून आले. रक्तदाबावरचे 'प्राझोसिन' हे स्वस्त औषध या दंशावर उपयोगी पडते, हे त्यांनी 1986 साली त्याच नियतकालिकातून मांडले. एके काळी शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत. हे प्रमाण पुढे एक-दोनांवर आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 'बॅरिस्टरचं कार्टं' या त्यांच्या आत्मचरित्राची प्रत एका विमानतिकिटाच्या शतांश किमतीत येते, हा हिशेबही पालकांनी जाता जाता करून पाहावा.

परदेशी विद्यार्थ्यांना कसे वागवावे, याचाही पाठ मराठी मातीतच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. देशोदेशींचे विद्यार्थी तेथे येतात ते शिकायला. त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये गावोगावच्या आरोग्य सेविका असतात, आणि त्यांतल्या कित्येकजणी शाळेची पायरी फारशी चढलेल्या नसतात. परदेशस्थ मराठी कुटुंबांतील मुले सुट्टीत आजोळी येतात, तेव्हा त्यांना गावातल्या दवाखान्यात 'थोडे काम करू द्या' असा आग्रह ओळखीच्या डॉक्टरांना होतो. डॉक्टरांनी ही भीड मोडावी. मुलगा आशाताईंच्या मागे चार दिवस उन्हात हिंडू दे, पण त्याच्या हाती सुई नको.

आता घरच्या कामाकडे वळावे. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीला कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. त्यांच्या मुलांच्या लशींचे डोस मध्येच तुटतात, गरोदर स्त्रियांच्या तपासण्या राहून जातात. क्षयाचा रुग्ण बरे वाटू लागताच गोळ्या सोडतो. मोतीबिंदू झालेली म्हातारी, कोणी सोबत नाही एवढ्याच कारणाने वर्षानुवर्षे अंधारात चाचपडते, वस्तुतः कै. बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले श्री गणपती नेत्रालय जालन्यातच आहे. यातील कोणत्याही कामाला पदवी लागत नाही. लसीचे कार्ड वाचता यावे, आठवड्यातून एकदा क्षयरुग्णाच्या दारात जाता यावे, आजीचा हात धरून तिला बसमध्ये चढवता यावे, शस्त्रक्रियेनंतर थेंब वेळेवर घालता यावेत, एवढेच हवे. तांड्यावर जायचे तर गोरमाटी बोलीतले चार शब्द शिकावे लागतील. शहरात वाढलेल्या जालनेकर मुलाला ते स्वाहिलीइतकेच नवे वाटतील. यातून मुलाला स्वतःविषयीही काही कळते. वास, रक्त, कण्हणे, नातेवाइकांचा राग हे सोसवते की नाही, हे आधी उमगले, तर चुकीच्या वाटेवर घातली जाणारी पाच-सहा वर्षे वाचतात. असा मुलगा वैद्यक सोडून दुसरीकडे वळला, तर पालकांनी तेही त्या सुट्टीचे फलित समजावे.

ज्यांना प्रवेश मिळाला आहे, त्यांच्यासाठी वाटा अधिक मोकळ्या आहेत. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आता प्रत्येक विद्यार्थ्याने काही ग्रामीण कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा असतो. किती विद्यार्थी हे मनापासून करतात आणि किती जण वहीतले रकाने भरतात, हे प्राध्यापकांनीच तपासावे. जवळच छत्रपती संभाजीनगरात 1989 पासून डॉ. हेडगेवार रुग्णालय आहे, लातूरला डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली सुरू केलेले विवेकानंद रुग्णालय आहे. सुखाचे शहरी जीवन बाजूला ठेवून तरुण डॉक्टरांनी ती उभी केली. मोठी सुट्टी हाती असेल तर हेमलकसा आणि मेळघाटही याच महाराष्ट्रात आहेत. शिक्षण पुरे झाल्यावर, हाताला सराव आल्यावर, ज्याला नेपाळच्या भूकंपासारख्या आपत्तीत किंवा आफ्रिकेतील रुग्णालयात जायचे असेल त्याने अवश्य जावे. जबाबदार आंतरराष्ट्रीय संस्था तयार, अनुभवी माणसेच मागतात.

जालन्यात 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दशकाच्या अखेरीस आंतरवासितेसाठी वॉर्डात उतरेल आणि पदवीनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवाही त्यांच्यापुढे असेल. या सेवेऐवजी दहा लाख रुपये भरून मोकळे होण्याची वाट राज्यातील अनेकांनी आजवर चोखाळली आहे. त्याच घरांतून मुलांना परदेशी सेवेच्या सहलीला धाडले जात असेल, तर जाफराबाद किंवा मंठ्याच्या आरोग्य केंद्रातली रिकामी खुर्ची त्यांनी आधी एकदा पाहून यावी.