नवऱ्याच्या ओटीपीवर अडलेली परित्यक्ता

पोस्ट मोठी आहे. जेवणं उरकल्यावर वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. आणि "ताई, राजकारण नको" अशी कमेंट करायची असेल तर आधीच सांगते, हे राजकारणच आहे.

माझं मरोळला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. २०२५ च्या डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लाडकी बहीणची ई-केवायसी. ३१ डिसेंबरची मुदत, साइट लोड घेत नाही, आणि बायका दुपारचा डबा घेऊनच बसलेल्या. त्यात पाईपलाईनकडची एक बाई आली. घरकाम करते, दोन मुलं. नवरा सहा वर्षांपूर्वी निघून गेला, तिकडे नालासोपाऱ्याला दुसरा संसार आहे. घटस्फोट नाही, कोर्टाची ऑर्डर नाही, काहीच नाही. तिच्या आधारचा ओटीपी आला, भरला. पुढच्या पानावर विचारलं: पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक.

वडील वारलेले. राहिला नवरा. दिराकडून नंबर मिळवून तिने माझ्यासमोर फोन लावला. तो काय म्हणाला ते सांगते. "पोलीस स्टेशनला दिलेली तक्रार मागे घे, मग ओटीपी सांगतो."

ती दोन मिनिटं गप्प बसली. मग मला म्हणाली, "घेते मागे. पंधराशे म्हणजे पोरांची ट्यूशन आहे."

मी काय बोलणार? मी पण सही करून घेतली असती कदाचित.

या योजनेच्या पात्रतेच्या अटी काढून बघा. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार महिला, आणि कुटुंबातली एक अविवाहित महिला. म्हणजे 'परित्यक्ता' हा शब्द सरकारनेच लिहिलाय. जून २०२४ मध्ये घोषणा झाली तेव्हाच लिहिलाय. परित्यक्ता म्हणजे नवऱ्याने टाकलेली. मग जिला नवऱ्याने टाकलं तिने त्याच नवऱ्याचा ओटीपी आणायचा, हे डोकं कोणाचं? सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची केली तेव्हा त्या टेबलाभोवती एकही टाकलेली बाई नव्हती, एवढं मी छातीठोक सांगते.

ओरड झाल्यावर सुधारणा केली, हे मान्य. पती-वडील नसतील किंवा घटस्फोट झाला असेल तर स्वतःची केवायसी करा आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्या. चांगलं केलं. विधवेचं काम झालं, घटस्फोटितेचं झालं. टाकलेलीचं काय? मेलेल्या माणसाचा दाखला मिळतो. निघून गेलेल्या माणसाचा कुठल्या खिडकीवर मिळतो? आपल्या देशात घटस्फोट घेतलेल्यांपेक्षा नुसतं वेगळं राहणारे कितीतरी जास्त आहेत, २०११ च्या जनगणनेतच ते दिसतं. कारण घटस्फोटाला वकील लागतो, पैसे लागतात, आणि माहेरचे म्हणतात, कुंकू राहू दे.

माझंच घ्या. मी एक्केचाळीस वर्षांची, स्वतःचं दुकान चालवते, पोरगी दहावीला. माझी केवायसी झाली ती आप्पांच्या आधारवर. आप्पा चिपळूणला, वय चौऱ्याहत्तर. फोनवर ओरडून ओरडून सहा आकडे विचारले. ते बिचारे दोनदा पिनकोडच सांगत होते. हसू आलं, आणि नंतर रात्री रडूही आलं. मार्च २०२४ मध्ये याच सरकारने आईचं नाव कागदपत्रांवर लावायचा निर्णय घेतला, फ्लेक्स लागले. नावात आई आली, पण ओटीपी मात्र बापाच्याच फोनवर येतो.

आता दुसरी बाजू. कमेंटमध्ये येणारच आहे, म्हणून मीच घेते. "सरकारकडे कशाला हात पसरता, नवऱ्याकडून पोटगी घ्या ना!"

घेऊ की. कायदा चांगला आहे. जुनं कलम १२५, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १४४. बाई जिथे राहते तिथे अर्ज करता येतो. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायद्यातच लिहिलंय. आता खरं काय होतं ते नागपूरच्या एका प्रकरणात बघा, रजनेश विरुद्ध नेहा. बाळ तान्हं असताना बाई घराबाहेर पडली, २०१३ ला अंतरिम पोटगी मागितली. कुटुंब न्यायालयाचा आदेश २०१५ ला. नवरा उच्च न्यायालयात गेला, तिथे २०१८ ला हरला. मग सर्वोच्च न्यायालय, तिथला निकाल ४ नोव्हेंबर २०२०. अंतरिम! म्हणजे खटला चालू असताना पोट भरण्यापुरते जे पैसे, त्यांचं भांडण सात वर्षं. तान्हं बाळ तोवर दुसरीत गेलं असेल.

त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं की दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. "बायका लुटतात" म्हणणाऱ्या भाऊंनी हे वाचावं. बाईला पण स्वतःची कमाई लिहून द्यावी लागते, मी दिली आहे. माझ्या माजी साहेबांनी प्रतिज्ञापत्रात स्वतःला बेकार दाखवलं. बेकार माणूस तारखेला येतो बुलेटवर.

मरोळ नाक्यावरून बीकेसीला आता मेट्रो आहे, कुटुंब न्यायालय तिकडेच. ऑक्टोबर २०२४ पासून जाणं खरंच सोपं झालं, पूर्वी बस बदलत जावं लागायचं. पण मेट्रो काही समन्स बजावत नाही. तो पत्ता बदलतो, नोकरी बदलते, आणि प्रत्येक तारखेला हिची अर्धी हजेरी जाते. घरकामाची बाई चार तारखांना सलग दांडी मारते तेव्हा तिचं एक घर सुटतं. ही पोटगीची फी कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही, पण भरावी लागते.

आणि एक गोष्ट जिला ठाऊक नाही तिचं नुकसान होतं: पोटगी थकली तर वसुलीच्या वॉरंटसाठी एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. "देईल, देईल" म्हणत वाट बघत बसलात तर जुने महिने त्या मार्गाने हातचे जातात. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात तर नवऱ्याच्या मालकाला थेट पगारातून पैसे द्यायला सांगण्याची सोय आहे. इतकी वर्षं बायकांचे कागद झेरॉक्स करते, तसा आदेश मी अजून एकदाही मशीनवर ठेवलेला नाही.

आता संजय गांधी निराधार योजना. १९८० पासून आहे. त्यात परित्यक्ता आहेत, घटस्फोटाची केस चालू असलेल्या आहेत, घटस्फोट होऊन पोटगी न मिळणाऱ्याही आहेत. महिना १५००. कागदावर उत्तम. उत्पन्नाची अट काय? कुटुंबाचं वर्षाला २१ हजार. दिवसाला ५८ रुपये सुद्धा नाहीत! मुंबईत अठ्ठावन्न रुपयांत कुटुंब चालवून दाखवणारा माणूस असेल तर त्याला अर्थमंत्रीच करा. लाडकी बहीणला हीच मर्यादा अडीच लाख आहे. सरकार तेच, रक्कम तीच पंधराशे. जिला नवरा आहे तिला अडीच लाखांपर्यंत चालतं, आणि जिला कोणी नाही तिने आधी भिकेला लागून दाखवायचं. फरक एवढाच की एका योजनेची आठवण निवडणुकीत होते. मग होतं काय, तर २१ हजारांचा दाखला "मॅनेज" करून देणारे दलाल उभे राहतात, आणि खरं बोलणारी बाई अपात्र ठरते.

"सवलत दिली तर खोट्या परित्यक्ता घुसतील" असं एका कार्यालयातल्या साहेबांनी मला खिडकीतून ऐकवलं. साहेब, या योजनेत १४ हजारांवर पुरुषांच्या खात्यात पैसे गेले, २०२५ च्या जुलैमध्ये सगळ्या पेपरांत आलं होतं. पुरुष बहीण होऊन पैसे घेतो तेव्हा यंत्रणेला कळत नाही, आणि संशय आमच्यावर?

ही लढाई काही आजची नाही. संगमनेरला निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद भरवली. टाकलेल्या बायका तेव्हा मंचावर उभ्या राहून बोलल्या. त्याला आता पस्तीसच्या वर वर्षं झाली, आणि अजून आम्ही "टाकलेली असल्याचा पुरावा" शोधतोय.

जर्मनीत बाप मुलाची पोटगी देत नसेल तर सरकार आधी आईला पैसे देतं आणि मग बापाच्या मागे लागतं. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. श्रीमंत देश आहे, आपल्याला नाही परवडणार म्हणाल. अहो, पैसे सरकारचे नाहीतच, बापाचे आहेत. फक्त वसुलीची दगदग बाईऐवजी सरकारने करायची. पाणीपट्टी थकली तर नळ कापायला माणूस बरोबर येतो की नाही?

माझी मागणी एवढी मोठीही नाही. टाकलेल्या बाईसाठी अंगणवाडी सेविका आणि दोन शेजाऱ्यांचा पंचनामा पुरावा धरा. चाळीत कोणाचा नवरा कधी गेला हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त पोर्टलला माहीत नसतं. नवऱ्याच्या ओटीपीची अट परित्यक्तांपुरती काढा. आणि २१ हजारांचा आकडा बदला. आपल्या आमदार-नगरसेवकांपैकी जो कोणी ही पोस्ट वाचत असेल त्याने हळदीकुंकवाला साड्या वाटण्याआधी यातलं एक तरी काम करून दाखवावं.

तोवर आपल्या बायकांसाठी दोन गोष्टी. एक, बाईला मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणाकडून, उत्पन्न कितीही असो. १९८७ चा कायदा आहे, उपकार नाही. दोन, मुलांसाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, एकल पालकाच्या मुलाला महिना २२५०. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज, बालकल्याण समितीचा आदेश लागतो. वेळ लागतो, पण ही योजना दहातल्या नऊ जणींना माहीतच नसते.

पाईपलाईनकडच्या त्या बाईने तक्रार मागे घेतली की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर ती दुकानात आलेली नाही. तिला ओळखणारं कोणी हे वाचत असेल तर निरोप द्या, शनिवारी सहानंतर मी निवांत असते, बालसंगोपनचा अर्ज भरून देते. फॉर्मचे पैसे नाहीत. झेरॉक्सचे दोन रुपये मात्र पडतील, कागद महाग झालाय.